दादाच्या गाडीचं डावं चाक

३ नोव्हें.
दादाची तीनचाकी आज उभी राहिली. जुन्या मोटारसायकलचं इंजिन, पुढं एक चाक, मागं दोन. ताकद फक्त मागच्या डाव्या चाकाला. इंजिनाची चेन त्याच बाजूला, सरळ जोडून मोकळा. दोन्ही चाकं एका दांड्यात धरली तर वळताना टायर घासतात. एकच बरं.
वहिनी : "भावजी, माळावर चढंल ना?" चढंल म्हणजे काय!
अपघातापासून दादाचा डावा पाय वाकत नाही. मेंढरं माळावर दुसऱ्याच्या भरवशावर, हा दारात बसून.

७ नोव्हें.
माळाच्या मुरमाड चढावर मीच चालवून पाहिली. मागं सिमेंटची पोती. सरसर चढली. आष्टीच्या दुकानात दिवसभर वेल्डिंग करताना शिट्टी वाजवत होतो.

९ नोव्हें.
दादानं नारळ फोडला. वहिनीनं हँडलला हळदकुंकू लावलं. सगळी आळी बघायला. दादा स्वतः चालवत निघाला. अर्ध्या चढावर डावं चाक जागीच फिरायला लागलं, मुरूम उडाला, गाडी मागं सरकली. पोरांनी धावत येऊन धरली म्हणून...
घरी आल्यावर दादा ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "तुझं काय चुकलं न्हाई. माझाच माळ संपला. मेंढरं इकून टाकू."

१० नोव्हें.
कळलं. दादा जेवायला बसला होता. डावा पाय लांब, सगळा भार उजवीकडं. गाडीतही तसाच बसतो. म्हणजे डावं चाक हलकं, ते जमीन धरणार कसं? पोती मी मधोमध ठेवली होती.
एवढी वर्षं शेजारी जेवतो, भाऊ कसा बसतो ते बघितलं नाही. चेनचे दाते तेवढे मोजले. लई वाईट वाटतंय.

१५ नोव्हें.
मागं आडवा दांडा, दुसरी चेन. ताकद उजव्या चाकाला नेली. वहिनी म्हणाली, व्यापारी उद्या मेंढरं बघायला येतोय.

१६ नोव्हें. सकाळ
डावा पाय ताठ ठेवला, भार उजवीकडं टाकला अन् चढ चढलो. चाक घसरलं नाही. खाली आलो तर दादा दारात काठी टेकून.
"माझ्यावानी का बसला हुतास रं?"
"आधीच बसायला पायजे होतं, दादा."
मी चावी पुढं केली, त्यानं घेतली. मुठीत धरून ओट्यावर बसलाय. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून फोन मात्र त्यानं अजून केलेला नाही.