काळे पडलेले टाक

झाशी, लक्ष्मी ताल

चि. अनुसूयेस, रागावलेल्या ताईचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. सूनबाईला, आपल्या मार्तंडच्या बकुळला, आठवा महिना लागला. पाय सुजतात, पण डॉक्टरीणबाई काळजी नको म्हणाल्या. भावजींचा गुडघा कसा आहे?

देवांचे चांदीचे टाक काळे पडले, तेव्हा बकुळनं सोवळं मोडलं असेल असं तू लिहिलंस. माझा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून ते पत्र तिनंच मला वाचून दाखवलं. मध्येच ती अडखळली. मला वाटलं, झाशीत वाढलेली मुलगी, मराठी वाचणं जड जात असेल.

दोष निघाला आमच्या गोबरगॅसचा. त्यात गंधकाचा वायू असतो. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या प्रयोगशाळेत यायचा तोच कुजक्या अंड्यांचा वास. तो चांदी काळी करतो, आणि आपला देव्हारा शेगडीशेजारीच आहे. आता मार्तंडनं मिस्त्री बोलावून टाकीला छोटा पंप बसवून घेतला. त्यातून अगदी थोडी, बेतानं हवा आत जाते. तेवढ्यावर शेणातलेच जंतू तो वायू खातात आणि त्याचं पिवळं गंधक करून ठेवतात. "अम्माजी, अब कीड़ों को अपना काम करने दीजिए," मिस्त्री म्हणाला. ते सोवळ्यात असतात का, हे मी विचारलं नाही.

टाक घासून ठेवले, ते अजून पांढरे आहेत. बकुळ मात्र देव्हाऱ्याला हात लावत नाही. "आप ही कर लीजिए, आई," म्हणते.

तिला दोन ओळी लिही. मराठीतच लिही. तिला सगळं समजतं.

तुझी ताई,
शकुंतला