सासूबाईंच्या नव्या गोळ्या

आई,

फ्रिज घुर्रकन सुरू झाला तेव्हा वाटलं, त्या आवाजाने तुम्ही उठलात. येऊन पाहिलं तर गाढ झोप. म्हणून उठवलं नाही. छोटीला शाळेत सोडून मी तशीच कामावर जातेय.

रिपोर्टमधलं कॉर्टिसोल म्हणजे अंगात त्राण ठेवणारं हार्मोन. मूत्रपिंडांवरच्या दोन चिमुकल्या ग्रंथी ते बनवतात. सकाळी ते भरपूर असायला हवं, तुमचं अगदीच जेमतेम आहे. गुडघ्यांच्या त्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं. ते आयतं मिळत गेलं, म्हणून ग्रंथी आळसावल्या. अशा गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात म्हणे. आणि मी शहाणी, 'कुठल्या भोंदूच्या गोळ्या' म्हणत एका दिवसात सगळ्या फेकून दिल्या! नंतर तुम्हाला चक्कर आली, उलट्या झाल्या, तेव्हा मीच म्हणाले, "नाटकं पुरे." तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

नवी गोळी उठल्यावर लगेच, दोन घास खाऊन घ्या. एकही चुकवायची नाही. उलटी झाली तर मला तडक फोन करा. 'कामात असेल बिचारी' म्हणून थांबू नका.

काल डॉक्टरांनी गोळ्या कशा बंद झाल्या विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे बघत "आठवत नाही" म्हणालात. शेवटी मीच सांगितलं. छोटी तिथेच होती. आत्ता बूट घालता घालता विचारतेय, "ए आई, आजी तुला घाबरते का गं?"