निवडून पाठवलेले वीस सर्व्ह

३ फेब्रु., सोम.
आजपासून मी कॅमेरामन. सहा वर्षं मुक्ताला मी टेनिस शिकवलं, आणि आज तिचे वडील म्हणतात, "अण्णा, पुण्याचे एक सर ऑनलाइन शिकवतात. व्हिडिओ बघून चुका काढतात, आठवड्याचा प्लॅन देतात. तुम्ही फक्त शूट करून पाठवायचं." फक्त. वकील माणूस, शब्द तोलून वापरतो. म्हटलं, होय की. दुसरं काय म्हणणार? पोरगी तेरा वर्षांची, मार्चमध्ये राज्याची निवड. तिच्या आड मी येणार नाही. घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो.

५ फेब्रु., बुध.
पुणेकराचा कालचा मेसेज: लागोपाठ वीस सर्व्ह, न कापता, न निवडता. कालच कोर्टावर खुर्चीवर खुर्ची ठेवून फोन टेकवला. घरी बघितलं. बाराव्या-तेराव्यानंतर पोरीचं कोपर खाली येतं, चेंडू डोक्यामागे उडतो. मला माहीत आहे. वर्षभर त्यावरच काम चाललंय. पण त्या माणसाला काय वाटणार? हुबळीच्या म्हाताऱ्यानं हेच शिकवलं.
आज परत मधे मधे थांबवून पस्तीस मारून घेतले, चांगले वीस निवडून जोडले. जोडायला हिनं शिकवलं, ती भजनी मंडळाचे व्हिडिओ करते. पाहुणे आले की आपण चांगल्या कपबशा काढतो, तेवढंच हे.

७ फेब्रु., शुक्र.
उत्तर आलं. "बेस उत्तम. आधीच्या कोचनी मेहनत घेतली आहे." आधीचा कोच! मेलोय का मी? तरी चार वेळा वाचलं, खोटं कशाला बोलू.

१३ फेब्रु., गुरु.
कालचे वीसही निवडकच पाठवले होते. नवा प्लॅन आला. कोपर शेवटपर्यंत टिकतं, खांदा तयार आहे, म्हणून रोज ऐंशी सर्व्ह. ऐंशी! मी पस्तीसच्या वर कधी जाऊ दिलं नाही. वकिलांशी बोललो. ते म्हणाले, "अण्णा, त्यांनी व्हिडिओ बघूनच दिलंय ना?"
तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनात आलं, एकदा आपटू दे ह्या पुणेकराचा प्लॅन, मग कळेल सगळ्यांना. लिहिताना लाज वाटतेय, पण आलं मनात ते हेच.

२० फेब्रु., गुरु.
साठाव्या सर्व्हला मुक्तानं खांदा धरला. "साकु बिडु," तोंडून कानडीच निघालं, "पुरे आता." तर म्हणते, "प्लॅनमध्ये ऐंशी आहेत अण्णा." ऐंशी पूर्ण केले तिनं. खांदा धरलेला भाग व्हिडिओतून काढला मी. का काढला? सवयीनं. दुसरं कारण सापडत नाही.

२५ फेब्रु., मंगळ.
हात वरच जाईना तिचा. देशपांडे नगरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. सहा आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही. राज्याची निवड गेली. मुक्ता रडली नाही, बुटाची लेस सोडून परत बांधत बसली. वकील तिथूनच फोनवर पुणेकरावर तुटून पडले. तो एवढंच म्हणाला म्हणे, न कापलेले व्हिडिओ मला दाखवा. "बघा अण्णा, आता आपल्यावर ढकलतोय," वकील म्हणाले. मी मान डोलावली. नालायक माणूस मी.

१ मार्च, शनि.
वकील घरी आले. "चुकलं आमचं. त्या माणसाला बंद केलं. खांदा बरा झाला की मुक्ता परत तुमच्याकडे." महिनाभर हेच ऐकायला टपलो होतो. चहा त्यांना चांगल्या कपबशीतून दिला.

२ मार्च, रवि.
संध्याकाळी मुक्ता एकटीच आली, हात झोळीत. स्वतःचा सर्व्ह बघायचा म्हणाली. फोन दिला. न कापलेले सगळे त्यातच आहेत, देताना लक्षात आलं नाही. की आलं होतं?
बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे सरांकडे गेलेच नाहीत?"
"नाही."
"माझं कोपर पडतं ते लपवलंत? माझी लाज वाटली तुम्हाला?"
"तुझी नाही गं. माझी."
"म्हणजे सरांचं चुकलं नव्हतं." पुणेकराचा नंबर उघडून फोन माझ्या हातात दिला. "हे तुम्ही पाठवता, का मी बाबांना सांगू?" चप्पल घातली आणि गेली. येते म्हणाली नाही.
सगळे व्हिडिओ मेसेजला जोडून ठेवलेत. पाठवले तर पोरगी परत त्याची, आणि वकील माझं तोंड बघणार नाहीत. नाही पाठवले तर तिच्या बापाला तिनं सांगायचं, माझ्या वतीनं, तेराव्या वर्षी. हिनं दोनदा जेवायला हाक मारली. अंगठा बटणावर धरून बसलोय, आणि अजूनही मनात हेच, की त्यातले निदान ते खांदा धरलेले तेवढे कापून