तिसऱ्या खोलीतली काकडी

४ जून, संध्याकाळ
ग्रीनहाऊसची किल्ली मिळाली.
तीन खोल्या, तिन्हींत काकडी. पहिलीत लाल कोळी मुद्दाम सोडलेले. टाचणीच्या टोकाहून लहान, पानाचा रस शोषतात. दुसरीत तेच कोळी, शिवाय त्यांना खाणारे शिकारी कोळी. तिसरीत नुसती निरोगी काकडी, तुलनेसाठी. तिसरीत कोळी शिरला तर प्रयोग बंद आणि तू घरी, असं मी ज्यांच्या हाताखाली काम शिकतेय त्या मॅडम म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.
घरी म्हणजे आई, बाबा, आत्या. दहावीपर्यंत या तिघांनीच मला शिकवलं. परत गेले तर पहिलीपासून सुरू करतील.
संकल्प: घाबरायचं नाही. रोज प्रत्येक पान भिंगाने बघायचं.

६ जून
फेरीचा क्रम ठरवला. आईची शिकवण: अवघड गणित आधी. म्हणून आधी पहिली खोली, मग दुसरी, शेवटी तिसरी. पहिलीत वेलींत घुसावं लागतं, एप्रनला कचरा चिकटतो. तो घाणीत झटकून काय उपयोग? तिसरी खोली सगळ्यात स्वच्छ. तिथे झटकला.

९ जून, सकाळ
तिसरीत, दाराजवळच्या वेलीवर पांढुरके ठिपके. पाण्याचे डाग असणार. पुसले. गेले नाहीत. जिद्दी पाणी.
आईचा फोन. जेवलीस का म्हणाली. मी म्हटलं, ठिपके आहेत. म्हणजे जेवली नाहीस, म्हणाली.
संकल्प: दिवसातून दोन फेऱ्या.

१२ जून
पानांखाली जाळी. तिसरीत!
संशय माळीकाकांवर. दारातच अडवलं. बूट पुसायला लावले, टोपी काढायला लावली, खिसे उलटे करायला लावले. कातडंही काढून खुंटीला टांगू का ताई, म्हणाले. मी क्षणभर विचार केला.
आता त्यांना आत बंदी. पाणी मीच घालते, त्यामुळे फेऱ्या तीन.
मॅडमना सांगायला गेले. त्या चहा पीत होत्या. गरम चहात व्यत्यय नको.

१४ जून
न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आत्याला विचारणार होते. पण ती काय म्हणेल ते माहीत होतं, म्हणून नाही विचारलं.

१७ जून, दुपार
काका आत नाहीत, तरी निम्मी खोली पिवळी. म्हणजे वारा. खिडकीच्या सगळ्या फटी टेपने बंद केल्या. आत भट्टी झाली. लाल कोळ्यांना उष्णता मानवते, असं पुस्तकात आहे. टेप लावून झाल्यावर वाचलं.
पहिल्या खोलीत कोळी कमी झालेत. कुठे जातात कोण जाणे.
झोप नाही. बाबांनी विचारलं, प्रयोग कसा चाललाय. पसरतोय, म्हटलं.

१९ जून
मॅडम न सांगता आल्या. पानं बघितलीच नाहीत. माझी बाही धरून भिंगाखाली घेतली. बराच वेळ. मग फेरीचा क्रम विचारला. सांगितला, आईच्या नावासकट. मग एप्रन कुठे झटकतेस, विचारलं. तेही सांगितलं. त्या पालथ्या कुंडीवर बसल्या. म्हणाल्या, तू कोळ्यांची बस आहेस गं. आणि शेवटचा थांबा तिसरी खोली. बाहेर काकांना अचानक खोकला लागला.
बस सगळे नियम पाळत होती, हे मी सांगितलं.
तिसरी खोली उपटली. मी बॅग भरली.

२१ जून
घरी पाठवत नाहीत!
पुढच्या प्रयोगाला शेजारच्या शेडमध्ये प्रत्येक वेलीवर कोळी सारखे पसरलेले हवेत. मॅडमना हे कधी जमलं नाही, एकाच कोपऱ्यात साचतात. माझे मात्र शेवटच्या पानापर्यंत पोचले होते. तेव्हा ते काम माझं. पहिल्या खोलीतून निघायचं आणि शेडभर फिरायचं. म्हणजे माझ्या पद्धतीत दम होता.
सोमवारपासून सुरुवात. अट एकच: तोच एप्रन घालायचा, आणि तो धुवायचा नाही.
काल उकळत्या पाण्यात धुतलाय. दोनदा.