खोटा डिपर

२ डिसेंबर
लय झालं आता! जुन्या गाडीच्या पासिंगची फी पुन्हा वाढवली. इतकी, का आमची जीप भंगारात देली तरी तेवढे येनार नाई. बाबानं मोबाईलवर दोनदा वाचलं. आई म्हणे, "चहा तरी घ्या." तसाच ठेवला, अन् जीप काढून धाड गावच्या स्टँडवर गेले.

खड्डे त्याईचे, पासिंग आमची! आधी रस्त्याची पासिंग करा ना बे!

३ डिसेंबर
स्टँडवर सगळे ड्रायव्हर पेटेल हायेत. गोविंदाकाका म्हणे, "टॅक्स घेता, इन्शुरन्स घेता, आता श्वास घेतल्याचीबी पावती फाडा म्हना!" निवेदन द्याचं ठरलं. निवेदन! साहेब त्याच्यावर भजे ठेवून खाईन.

पासिंग कोनीच करून नाई राह्यलं. बाबाची तं संपेलच हाये. मंग असं ठरलं — बुलढाण्याकडून येनाऱ्यानं समोरच्या जीपले डिपर माराचा. लाईट लपकला का समजाचं, पुढं आरटीओ उभा हाये. तसंच पांदणीत घुसाचं, वावरावावरानं निघाचं.

५ डिसेंबर
आज मज्या!! बुलढाण्याले दूध टाकलं, रिकाम्या कॅना घेऊन मोटरसायकलवर येत होतो. समोरून गोविंदाकाकाची जीप. रस्ता एकदम मोकळा — तरी मारला डिपर! काय वळवली बे त्यानं! पांदणीत पाटाच्या पाण्याचा चिखल. टपावरच्या कोंबड्या बोंबलून राह्यल्या, आतून बाया बोंबलून राह्यल्या. मी गाडी थांबवून हासलो, पोट दुखेलोक.

गंमत काकाची नाई, सरकारची हाये. पाह्यना साहेब, तुह्या भेवानं मानसं कशी ढेकलात घुसून राह्यली!

६ डिसेंबर
आज बाबालेबी मारला. तेबी घुसले! जाता जाता मायाकडं पाह्यलं. हासू आवरत नाई मले, सगळे दात बाहेर.

८ डिसेंबर
समजलं सगळ्याईले. गोविंदाकाकानं भर स्टँडवर गचांडी धरली. "हरामखोरा, दोन बाया उतरून जीप ढकलत होत्या!"

बाबानं मारलं नाई. घरी येऊन एवढंच म्हणे, "या वयात चोरावानी वावरातून जीप नेतो मी. अन् तू दात काढतं."

मलेबी राग आला. म्हनलो, "मंग लपता कायले? भांडा ना त्याईच्याशी!"

बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले. जेवलेबी नाई.

९ डिसेंबर
निवेदन देलं म्हने. फोटो काढला. झालं.

११ डिसेंबर
आज खरंच उभे होते! वळनाच्या पलीकडं, पांढरी गाडी, संगं पोलीस. मी कॅना खडखडवत मोटरसायकल पळवली. समोरून बाबा. डिपर मारला. मारतच राह्यलो. हात हलवला, बोंबललो — "बाबा, खरं हाये! खरं हाये!!" बाबानं पाह्यलं मायाकडं. पांदण बाजूलेच होती. तरी सरळ गेले!

जीप जमा केली. पॅसेंजर उन्हात उतरवले. बाबा पायी आले, हातात नुसता गाडीतला हार.

गोविंदाकाका म्हणे, "तुह्या खोट्या डिपरानं बापाची जीप खाल्ली बे." सगळं गाव तेच म्हनून राह्यलं. करिष्मा तं सख्खी बहीन — तिनं मले भाकर वाढली नाई.

अन् त्या साहेबाले कोनी काही म्हनलं? फीवाल्याईले कोनी काही म्हनलं? आग लागो त्याईच्या खुर्च्याईले! पन आज शिव्याबी बरोबर येऊन नाई राह्यल्या.

१२ डिसेंबर
सकाळी बाबा ओट्यावर बसेल होते. मी म्हनलो, "काल डिपर खरा होता. आईची शप्पत."

"माहीत होतं मले. तू हासत नव्हता."

"मंग काऊन गेले?"

"कटाळलो बे लपून."

अन् चहा पेले. पूरा.