उजव्या मनगटाचं ऑपरेशन

अब्बा, घरात आपण हिंदी बोलायचो, पण मला नीट लिहिता येतं ते मराठीत, म्हणून मराठीत लिहिते आहे. आज सकाळी यवतमाळच्या दवाखान्यात तुमच्याच दुखण्याचं ऑपरेशन होतं. ट्रे मी लावला. शिवणकाम करणारी बाई, भूल फक्त मनगटापाशी, त्यामुळे ती जागी होती. तळहाताच्या बुडाशी छोटा छेद, खाली आडवा पांढरा पट्टा. तो कापला की दबलेल्या नसेला जागा मिळते. तिने मला दोनदा विचारलं, "ताई, झालं काय?" टाके पडले तेव्हा वीस मिनिटं झाली होती. बारा वर्षांत अशी बरीच ऑपरेशनं पाहिली. वेळ साधारण एवढाच लागतो.

तुमच्या बोटांत मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मी नागपुरात ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा कोर्स करत होते. उमरखेडच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून तुम्ही नवी तार भरायचात. तार ओढून ओढून मनगट गेलं होतं. मनगटाला आधाराचा पट्टा बांधून झाला, इंजेक्शन झालं, तरी अंगठ्याखालचं मांस झिजून बसायला लागलं. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात या, छेद घेऊन नस मोकळी करतो. तुम्ही मला फोन केला. मी दोन्ही पद्धतींची माहिती काढली आणि सांगितलं, नागपूरला दुर्बिणीने करू, छेद लहान असतो, कामाला लवकर लागता येतं; तारीख दीड महिन्याने मिळेल, तोवर थांबा. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगत राहिलात, "पोरगी ऑपरेशनचंच शिकून राह्यली. ते म्हणते तसंच करतो."

मोटार भरून झाली की ती चालू करायची आणि उलट्या बोटांनी तिचं अंग चाचपायचं, ही तुमची पद्धत. करंट उतरत असेल तर बोटं झिणझिणतात आणि हात आपोआप मागे येतो. तपासायचा दिवा खिळ्याला टांगलेला असायचा, पण तो नवशिक्यांसाठी, असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी समोर उभा असलेला फुलसावंगीचा गिऱ्हाईक नंतर घरी आला आणि त्याने मला सगळं सांगितलं. तुम्ही त्याच्या मोटारीला बोटं लावता आणि थांबता. तो विचारतो, "काय उस्ताद, करंट येऊन राह्यला काय?" तुम्ही हसता. "नाही रे, हे माह्या हाताचंच हाय. दिवसभर असंच वाजते." तो म्हणतो, "मंग मीटर बिघडलं म्हना तुमचं." आणि तुम्ही मोटार सरळ करायला तिला पूर्ण पंजाने धरता. करंट खरंच उतरत असतो; आवळलेला पंजा मग सुटत नाही. ऑपरेशनच्या तारखेला तेवीस दिवस उरले होते.

अम्मी अजून म्हणते, मी तुमच्या भल्याचाच विचार केला होता. मी तिला दुरुस्त करत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही फोन केलात त्याच दिवशी मी हेही वाचलं होतं की काही महिन्यांनी दोन्ही पद्धतींचा गुण सारखाच असतो, आणि मांस बसायला लागल्यावर थांबू नये. त्या आठवड्यात माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती बुडवून मला यवतमाळला यायचं नव्हतं. एवढंच सांगितलं असतं, तर तुम्ही एकटे गेला असतात.