फासनेटच्या सोमवारी

झिंडेलफिंगेन, ३ मार्च २००६

प्रिय क्रांती,

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून लगेच घाबरू नकोस. कुणी आजारी नाही. माझा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो आणि तुझे बाबा गेल्यापासून घरात रेडिओ जरा मोठ्याने लागतो, एवढंच.

सोमवारी तुझ्या गावची फासनेटची मिरवणूक पाहिली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर फारच मागे लागल्या, म्हणून गेले. वाटेत त्यांनी मला सगळं समजावलं. चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधीचा हा दंगा. सहा जानेवारीला कपाटातून लाकडी मुखवटे काढायचे, धूळ झटकायची. काही मुखवटे तर पणजोबांपासून चालत आलेले. एकदा मुखवटा चढवला की महापौरालाही 'तू' म्हणून काय वाटेल ते सुनवायची मुभा. समोरच्याने ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही. बुधवारी कपाळाला राख लागली की सगळं संपलं, आणि कुणी काही मनात धरत नाही.

हे शेवटचं मला पटलं नाही. शिमग्यात तोंडं रंगवून लोक आमच्या वस्तीसमोर येत आणि काय काय बोलत, ते तुझ्या आजोबांनी मला कधीच पूर्ण सांगितलं नाही. त्यांनी गाव सोडलं आणि नागपुरात मला बी.एस्सी. केलं. म्हणून तू आखनच्या विद्यापीठातलं इंजिनिअरिंग सोडून मुखवटे कोरायला बसलीस, तेव्हा मी म्हणाले की हे काम नव्हे, सोंग आहे. तू म्हणालीस, ज्या दिवशी याला काम म्हणशील त्या दिवशी घरी येईन. दोघीही हट्टी. तुझे बाबा असते तर दोघींना रागावले असते.

तर मिरवणूक. बर्फ वितळून रस्त्यावर नुसता चिखल झाला होता. मी नेहमीसारखी कोटाखाली साडी नेसलेली. अंगभर घुंगरं बांधलेलं एक सोंग नेमकं माझ्यासमोर थांबलं आणि किनऱ्या आवाजात, अस्सल श्वाबियन बोलीत म्हणालं, "काय गं म्हातारे, अजून शेजाऱ्यांची पाळी असताना जिना तूच झाडतेस? आणि झाडून वर त्यांनाच रागावतेस?" फ्राऊ केलर पोट धरून हसल्या; आमच्या इमारतीत दर आठवड्याला एका घराकडे जिना झाडायची पाळी असते, आणि त्यांचीही मीच उरकते. या जर्मनीत परक्या माणसाने मला 'तू' म्हणायची ही पहिलीच वेळ. मी चांगलं खरमरीत उत्तर जुळवत होते, तेवढ्यात त्या सोंगाने खाली पाहिलं. माझ्या निऱ्या सुटून चिखलात लोळत होत्या. ते हातमोजे काढून तिथेच उकिडवं बसलं, एकावर एक चुण्या नीट बसवल्या, मुठीत धरल्या आणि खालून एक झटका दिला. मग उठलं आणि घुंगरं वाजवत गर्दीत गेलं.

पाच वर्षांची असल्यापासून तू अशीच माझ्या पायाशी बसून निऱ्या धरायचीस. झटकाही तोच, जरा जास्तच जोराचा. मी नियम पाळला, नाव घेतलं नाही. पण मिरवणूक संपेपर्यंत जिकडे घुंगरं वाजतील तिकडे बघत राहिले.

आता बुधवार होऊन गेला, तेव्हा बोलायला हरकत नसावी. फ्राऊ केलर मागे लागल्या नव्हत्या. मीच त्यांना गाडी काढायला लावली. तो मुखवटा मी नीट पाहिला आहे. डावी भुवई किंचित वर, तुझे बाबा माझं बोलणं ऐकून घेताना करायचे तशी. असा चेहरा सोंग म्हणून कोरता येत नाही. काम आहे ते. चांगलं काम आहे. सहा मेला तुझ्या भावाचं, सुमितचं लग्न आहे, हे त्याने तुला सांगितलंच असेल. तुम्ही दोघं मला चोरून फोनवर बोलता, हे मला ठाऊक आहे. मी जांभळी पैठणी नेसणार आहे. रेशीम सुळसुळीत, माझा गुडघा वाकत नाही, आणि निऱ्या धरायला घरात दुसरं कुणी नाही. सकाळी आठला ये. उशीर चालणार नाही.

तुझीच,
आई